त्रुटी तरी काढा, साहेब

प्रति,
माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : ऑनलाइन गेममधील खाते कारण न सांगता बंद केल्याबाबत

महोदय,

नागपुरात मेडिकल चौकाजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीएफ, शिष्यवृत्ती, म्हणाल ते भरून देतो. रोज दोन-तीन अर्ज तरी त्रुटीत परत येतात. 'रेशन कार्डाची प्रत अस्पष्ट.' 'स्वयंघोषणापत्रावर सही नाही.' माणूस वैतागतो, सरकारच्या वाट्याच्या शिव्या मला देतो, पण दुसऱ्या दिवशी नीट कागद घेऊन येतो आणि काम होतं.

हे आधी सांगतोय, कारण माझी तक्रार गेमची आहे आणि गेम म्हटलं की पुढचं कोणी वाचत नाही.

माझं वय ३६. रात्री साडेनऊला शटर ओढायचं, जेवायचं आणि दहा ते अकरा मोबाइलवर नेमबाजीचा गेम. सोबत लहान भाऊ, तो पुण्यात नोकरीला. फोनवर आमचं बोलणं 'जेवला का, हो, ठेवतो' एवढंच. गेममध्ये मात्र कानात हेडफोन घालून तासभर गप्पा. त्याच्या घरमालकाची कटकट, बाबांची शुगर, लग्नाचं स्थळ, सगळं तिथेच, आणि मधेच 'भाऊ, उजवीकडे, उजवीकडे!' डिसेंबरातल्या एका रात्री रजई अंगावर घेऊन लॉगिन केलं, तर पडद्यावर दोन ओळी : त्रयस्थ सॉफ्टवेअर वापरल्यामुळे आयडी दहा वर्षांसाठी बंद.

कोणतं सॉफ्टवेअर? कोणत्या तारखेला? कोणत्या सामन्यात? काही नाही. अपील टाकलं, चार मिनिटांत उत्तर : फेरतपासणी झाली, निर्णय कायम. चार मिनिटांत माझ्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद निघत नाही. तीनदा अपील केलं. तिन्ही उत्तरं स्वल्पविरामासकट सारखी.

मग मीच शोध घेत बसलो. फोन सीताबर्डीवरून सेकंडहँड घेतलेला. आधीच्या मालकाने काही उद्योग केले असतील आणि कंपनीने तो फोनच काळ्या यादीत टाकला असेल. की फोन गरम होतो म्हणून घातलेलं क्लीनर ॲप नडलं? दिवाळीला आलेल्या भाच्यालाही उगाच झापून झालं. तीन वर्षांत आयडीवर सहा-एक हजार रुपये घातले होते, जीएसटीसकट. ते गेले तर गेले. पण टपरीवर पोरं 'काय बे हॅकर' म्हणून हाक मारतात आणि मला धड नाहीही म्हणता येत नाही, कारण नाही कशाला म्हणायचं तेच माहीत नाही.

चीटरची बाजू मी घेत नाही. भिंतीपलीकडचं दिसणारे, आपोआप नेम लावणारे लोक गेमची माती करतात. त्यांना काढलंच पाहिजे. पकडण्याची युक्ती कंपनीने उघड करावी, असंही माझं म्हणणं नाही. पण यंत्र चुकतं, हे आता जगजाहीर आहे. जुलै २०१० मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने 'मॉडर्न वॉरफेअर २' खेळणाऱ्या सुमारे १२,००० जणांना चुकून बॅन केलं. पुढे माफी मागितली, बॅन उठवले, वर एक गेम फुकट दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २'मध्ये एएमडी या चिप कंपनीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधली (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) एक सोय चालू ठेवल्यामुळे लोकांच्या आयडी उडाल्या. एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. तिथे चूक सुटली, कारण हजारो जणांनी एकाच वेळी आरडाओरडा केला. एकट्यादुकट्याचं काय?

कायदे मी वाचले. दुसऱ्यांचे अर्ज भरून भरून ती सवय लागली आहे. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निकाल, फेब्रुवारी २०२६ पर्यंत तरी मुदत तेवढी होती. त्यावर तक्रार अपील समिती, ३० दिवसांच्या आत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे मला माझ्याच जिल्ह्यात, नागपुरातच दावा टाकता येतो, आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. दारं भरपूर आहेत, साहेब. पण प्रत्येक दारात एकच रकाना : 'आपण निर्णयाशी सहमत का नाही?' त्यात मी काय लिहू? निर्णयात खोडण्याजोगं एक वाक्य नाही. तरी तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकला. पंधराव्या दिवशी तीच दोन ओळींची चिठ्ठी, खाली फक्त सही नवी.

इकडे आमच्या तहसीलला नावं ठेवणारे खूप. पण लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मुळे तिथला अधिकारी दाखला नाकारतो तेव्हा कारण लेखी देतो. त्यावर पहिलं अपील, दुसरं अपील, पुढे आयोग. युरोपातही डिजिटल सेवा कायद्याने ऑनलाइन मंचांना खातं बंद करताना कारणं कळवणं बंधनकारक केलंय.

२२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या खेळांवर बंदी आली, ई-स्पोर्ट्स आणि साध्या खेळांना प्रोत्साहनाची भाषा आली, प्राधिकरणाची तरतूदही झाली. प्रोत्साहनाचा खर्च मला काढता येत नाही, पण हे फुकटात होण्यासारखं आहे : खातं बंद करणाऱ्या प्रत्येक कंपनीने तारीख, सामना आणि आक्षेप सॉफ्टवेअरवर आहे, फोनवर आहे की खेळण्याच्या पद्धतीवर, एवढं लेखी द्यावं. पहिलं अपील माणसाने वाचावं, आणि वाचणाऱ्याचा कर्मचारी क्रमांक उत्तरावर असावा. मी चीटर निघालो तर दहा वर्षं काय, वीस वर्षं ठेवा बंद.

हे पत्र आज रात्रीच सीपीग्रॅम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरही टाकतोय. तिथे नोंदणी क्रमांक मिळतो आणि २१ दिवसांची मुदत असते. लोकांचे क्रमांक मी ज्या वहीत लिहून ठेवतो, त्याच वहीत हाही लिहीन. दहा वाजलेत, भावाचा मेसेज आलाय : 'काहून बंद केली, काही सांगितलं का त्यांनी?'

आपला,
एक झेरॉक्सवाला
मेडिकल चौक, नागपूर