ज्यू शाळांत नुसती घोकंपट्टी चालते हे खरं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात धार्मिक शाळांवर एक पत्र आलं होतं, त्यात जाता जाता अमेरिकेतल्या ज्यू डे स्कूलचंही नाव घेतलं होतं की तिथे पोरांकडून प्रार्थना घोकून घेतात आणि बाकी काही नाही. मी अमेरिकेत अशाच एका शाळेत गणित शिकवते, मी स्वतः ज्यू नाही, पण ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

या शाळांत गणित, सायन्स, इंग्लिश सगळं असतं आणि त्याच्या जोडीला हिब्रू, तोराह (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ), तालमूद (धर्मनियमांवरच्या जुन्या चर्चांचा मोठा ग्रंथ), ज्यू इतिहास. दोन शाळांचा अभ्यास एका दिवसात बसवायचा म्हणजे दिवस लांबतो, पोरं दमतात, ते मी नाकारत नाही. पण घोकंपट्टी? तालमूदचा एक तास बघा. पानाच्या मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या पंडिताचं भाष्य, दुसऱ्या बाजूला त्याच्या नंतरच्या लोकांनी, त्यात त्याचे नातू पण आले, त्याच्यावरच काढलेल्या शंका. मुलं जोडीजोडीने बसून हे पान मोठ्याने वाचतात, एकाने अर्थ लावायचा, दुसऱ्याने तो खोडायचा, याला हवरुता म्हणतात, आणि एवढा गलका असतो की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आज वर्गावर कोणी आलेलंच नाही. हिल्लेल आणि शम्माय या दोन जुन्या गुरूंच्या अनुयायांचे वाद त्यात जागोजागी आहेत, निर्णय बहुतेक वेळा हिल्लेलच्या बाजूने लागतो, तरी शम्मायचं मत काढून टाकलेलं नाही, तेही तितकंच मन लावून शिकायचं. तिथून उठून तीच पोरं माझ्या तासाला येतात आणि ऋण गुणिले ऋण धन का, हे मी सांगितलं म्हणून मान्य करत नाहीत, पटवून द्यावं लागतं. शिक्षकाला याहून जास्त काय पाहिजे!

आणि हे आजकालचं फॅड नाही. यहोशुआ बेन गमला नावाच्या प्रमुख पुरोहिताने पहिल्या शतकात गावोगावी शिक्षक नेमायला लावले आणि सहा-सात वर्षांपासून मुलांना शाळेत घालायची पद्धत पाडली असं तालमूदच सांगतं, आणि तिथेच पुढे एका शिक्षकामागे 25 मुलं, 40 झाली तर मदतनीस द्या, असा हिशोबही दिलाय. बोस्टनजवळची मायमोनिडीज शाळा रब्बी (ज्यू धर्मगुरू) जोसेफ सोलोवेचिक यांनी 1937 मध्ये काढली, तिथे मुलींनाही तालमूद शिकवलं, ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ ज्यू समाजात तेव्हा हे भलतंच धाडसाचं होतं.

आता घरच्यांचं. बऱ्याच घरांत आईवडिलांनाच हिब्रू धड वाचता येत नाही. आमच्याकडे पहिलीच्या मुलांना त्यांचा पहिला सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक मिळतं, त्याच्या आधी एका संध्याकाळी पालकांना बोलावतात आणि त्यांनी आपल्या मुलाच्या पुस्तकाचं कव्हर स्वतः सजवायचं, आत दोन ओळी लिहायच्या. मोठमोठे वकील, डॉक्टर त्या छोट्या खुर्च्यांवर बसून गोंद लावत असतात, आणि एखादा वडील शेजारणीला हळूच विचारतो की हे अक्षर असंच काढतात ना. कोणाच्या घरी मृत्यू झाला की सात दिवस शिवा, म्हणजे एक प्रकारचं सुतक, पाळतात, प्रार्थनेला दहा जण लागतात, तेव्हा आमची हायस्कूलची मुलं सकाळी सकाळी त्या घरी जाऊन उभी राहतात आणि मग शाळेत येतात. नवीन गावात नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाला तर आपली माणसं अशा शाळेतूनच मिळतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

सगळं छान छान आहे असंही नाही. न्यूयॉर्कमधल्या काही हसिदिक येशिवांमध्ये, म्हणजे एका अतिकर्मठ ज्यू पंथाच्या धार्मिक शाळांमध्ये, इंग्लिश-गणिताकडे दुर्लक्ष होतं ही तक्रार खरी आहे, 2022 मध्ये राज्याने त्यासाठी नियमही केले, पण त्या शाळा वेगळ्या आणि आमच्यासारख्या वेगळ्या, दोन्ही एका मापाने मोजू नका. खरं दुखणं आहे फीचं. लंडनच्या जेएफएससारख्या शाळेला, 1732 पासूनची आहे ती, सरकारी पैसा मिळतो म्हणून शिक्षणाची फी नाही. अमेरिकेत तसं नाही, काही राज्यांत फीसाठी सरकारी व्हाउचर मिळतात तेवढंच, नाहीतर बऱ्याच ठिकाणी एका मुलाचे वर्षाला 25-30 हजार डॉलर सहज जातात आणि घरात तीन-चार मुलं असतात. शाळा उत्पन्न बघून सूट देतात, पण अगदी गरीब नाही आणि श्रीमंतही नाही असं मधलं कुटुंब त्यात भरडलं जातं, दर वर्षी पगाराचे कागद कमिटीपुढे ठेवायचे म्हणजे माणसाला कसंसंच होतं. टीका करायची तर यावर करा ना, त्यात मीही तुमच्या बरोबर आहे.

आपली,
एक गणित शिक्षिका, अमेरिका