‘आधी तुमचं ठरवा, मग मला सांगा’

प्रति,
मा. संपादक,

विषय : अंगणवाडी सेविका आणि आशांच्या प्रशिक्षणाचा मेळ

महोदय,

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, असताना एका घरी गेले होते. बाळाला सहा महिने पूर्ण झालेले. गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, सांगून गेली होती, वरचं खाणं दोन-तीन चमच्यांनी सुरू करा. आमची सेविका म्हणाली, अर्धी वाटी भरवा. आजीचं तिसरंच, नागलीची पातळ पेज. बाळाची आई वैतागून म्हणाली, “बाई, आधी तुमचं ठरवा, मग मला सांगा.”

खरं तर दोघीही बरोबर होत्या. सुरुवात दोन-तीन चमच्यांची, मग हळूहळू अर्धी वाटी. फक्त दोघींना एका सतरंजीवर बसवून हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

सेविकेचं प्रशिक्षण महिला व बालविकास विभागाचं, आशा आणि नर्सबाईंचं आरोग्य विभागाचं, पहिलीच्या बाईंचं शिक्षण विभागाचं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला, पण प्रशिक्षणाचे वर्ग अजून वेगळे भरतात. तारखाही कुणी कुणाला विचारून ठरवत नाही. एकदा ऐन लसीकरणाच्या दिवशी माझ्या बीटमधल्या (माझ्याकडे असलेल्या अंगणवाड्यांच्या गटातल्या) सगळ्या सेविका तालुक्याला प्रशिक्षणात. नर्सबाई लसींचा डबा घेऊन अंगणवाडीत बसलेल्या आणि मुलं गोळा करायला कुणी नाही.

शिवाय प्रशिक्षण राज्यातून जिल्ह्यात, तिथून तालुक्यात, तिथून बीटवर उतरतं. वर तीन दिवस चाललेलं खाली येईपर्यंत एका दुपारचं होतं. त्यातही निम्मा वेळ मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती कशी भरायची यात जातो. (वडापाव मात्र वेळेवर येतो.) कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की पुढे काय, हे कागदावर सगळ्यांना पाठ असतं, रडणाऱ्या मुलाच्या दंडावर ती सैल की घट्ट धरायची, हे हातात पट्टी दिल्याशिवाय कळत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला अंगणात बसूनच अंगणवाडीचं हे काम उभं केलं होतं.

माझी मागणी छोटी आहे. महिला व बालविकास आणि आरोग्य या दोन्ही विभागांनी मिळून राज्याचं वर्षाचं एकच प्रशिक्षण वेळापत्रक करावं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावर सेविका, आशा, नर्स यांना निदान वर्षातून दोनदा एकत्र बसवावं. नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. शिकवणारी माणसं शोधायला मुंबई-पुण्याकडे बघायची गरज नाही.

वेळापत्रक करताना आणखी एक बघावं. भात निघाला की पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे निघतात, लहान मुलं कडेवर घेऊन. पेठमध्ये वजन घसरलेलं मूल महिनाभराने निफाडच्या सेविकेसमोर अनोळखी म्हणून उभं राहतं, म्हणजे उभं राहिलं तर. म्हणून हे प्रशिक्षण दिवाळीच्या आधी व्हावं आणि दोन्हीकडच्या सेविका त्यात एकत्र असाव्यात. जाताना त्यांनी एकमेकींचे फोन नंबर जरी लिहून नेले, तरी त्या मुलाचं कार्ड त्याच्याआधी निफाडला पोहोचेल.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका,
पंचवटी, नाशिक