रेझिन खरे, पण कोणते आणि कुठे?

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या बैठकीला एक विक्रेता काचेच्या बरणीत मोहरीपेक्षाही बारीक, मधाच्या रंगाचे रेझिनचे, म्हणजे कृत्रिम राळेचे, मणी घेऊन आला आणि ‘क्लोरीनमुळे पाण्यात तयार होणारी घातक रसायने हे रेझिन ओढून घेते’ असे सांगून दरपत्रक ठेवून गेला. त्याचे बोलणे सर्वस्वी खोटे नव्हते, आणि फसगत होते ती तिथेच. पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवली असल्यामुळे हा खुलासा करीत आहे.

धरणाच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्यातून ह्युमिक आणि फल्विक आम्ले उतरतात. त्यांची क्लोरीनशी गाठ पडली की क्लोरोफॉर्म व त्याच्या जातकुळीतील ट्रायहॅलोमिथेन तयार होतात, हे 1974 मध्ये रॉटरडॅमच्या जलखात्यातील रसायनतज्ज्ञ रोक यांनी दाखवून दिले. भारतीय मानक 10500 मध्ये पिण्याच्या पाण्यातील क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे.

ही आम्ले पाण्यात ऋणभारित असतात. त्यामुळे ऋणायन-विनिमय करणारे, म्हणजे ऋणभारित कणांची अदलाबदल करणारे, रेझिन त्यांना धरून ठेवते आणि बदल्यात क्लोराइड सोडते. विक्रेत्याच्या बरणीत मात्र सॉफ्टनरचे, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचे रेझिन होते; ते कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन सोडियम देणारे, धनायनांचे (धनभारित कणांचे). दोन्ही रेझिने मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येतात आणि दिसायलाही बरीचशी सारखीच असतात. सॉफ्टनरने साबणाला फेस येईल, बादलीवरचे पांढरे डाग जातील, पण ह्युमिक आम्लांना ते हातही लावणार नाही. शिवाय योग्य रेझिन आणले तरी गच्चीवरच्या टाकीपाशी ते उशिराच पोहोचते. क्लोरोफॉर्मच्या रेणूवर विद्युतभार नसल्यामुळे तो एकदा तयार झाला की विनिमयाने निघत नाही. हे काम क्लोरीन टाकण्यापूर्वी, जलशुद्धीकरण केंद्रातच व्हायला हवे.

तसे ते काही ठिकाणी होतेही. ऑस्ट्रेलियात चुंबकीय कण मिसळलेले रेझिन विकसित झाले आणि 2001 पासून माउंट प्लेझंट व वॅनरू येथील केंद्रांत वापरात आले. ढवळताना सुटे राहणारे हे मणी ढवळणे थांबताच एकमेकांना चिकटून चटकन तळाशी बसतात. या पद्धतीमुळे पुढे तुरटीही कमी लागते. मात्र रेझिन धुतल्यावर उरणारे खारट, तपकिरी पाणी टाकायचे कुठे, हा प्रश्न समुद्रापासून दूरच्या गावांसाठी लहान नाही. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर तेही रेझिनवरची जागा अडवते.

म्हणून महापालिकांनी उद्याच रेझिन बसवावे असे मी म्हणणार नाही. जिथे कच्च्या पाण्यातच भरपूर क्लोरीन सोडला जातो, तिथे शेवाळाचा बंदोबस्त सांभाळून त्यातील शक्य तेवढा डोस गाळणीनंतर नेला, तरी बराच फरक पडतो आणि खर्चही फारसा येत नाही. क्लोरीन बंद करणे हा मात्र पर्याय नव्हे; पटकी आणि कावीळ क्लोरोफॉर्मची वाट पाहत बसत नाहीत.

पावसाळ्यातील ट्रायहॅलोमिथेनचे आणि सेंद्रिय कार्बनचे (म्हणजे पाण्यातील सेंद्रिय द्रव्याच्या मापाचे) आकडे आपल्या महापालिकेने केंद्रनिहाय प्रसिद्ध करावेत, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी. तोवर ज्यांना फारच काळजी वाटते त्यांनी पिण्याचे पाणी उघड्या भांड्यात चांगले उकळावे. क्लोरोफॉर्म बराचसा उडून जातो. आमच्या सोसायटीने दरपत्रक परत पाठवले आहे.

आपला,
एक निवृत्त पाणी-तपासनीस, ठाणे