किटसोबत फेव्हिक्विक देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले. पण त्याचे १:७२ प्रमाणातले प्लास्टिकचे किट घरी जोडायला अजूनही कुणाची मनाई नाही. तयार विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर. बहुतेक किटमध्ये प्लास्टिक सिमेंट, म्हणजे भाग जोडायचे खास द्रावण, नसते आणि तसे खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते. ते कोण वाचतो? कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून फेव्हिक्विकची ट्यूब येते आणि महागाचे विमान वाकडे जोडले जाते. मग खापर फुटते मुलाच्या धसमुसळेपणावर.

या किटचे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन. थर्माकोल हा त्याचाच फुगवलेला भाऊ. ते वरवर चिकटवायचे नसते, विरघळवून सांधायचे असते. प्लास्टिक सिमेंटमधली ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट यांसारखी द्रावके दोन्ही कडा मऊ करतात, कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेले की दोन भागांचा एकच तुकडा होतो. हातातली बाटली नेमकी कशाची, अशी शंका असेल तर भाग कापून उरलेल्या फ्रेमवर एक थेंब टाकावा आणि थोड्या वेळाने टूथपिकने दाबून पाहावे. टोक रुतले तर ते सिमेंट.

सिमेंटचे प्रकार दोन. पातळ सिमेंट, उदाहरणार्थ तामिया या जपानी कंपनीची हिरव्या झाकणाची ४० मिलीची बाटली, भाग जोडण्याआधी लावायचे नसते. विमानाच्या धडाचे दोन्ही अर्धे भाग आधी कोरडेच जुळवून धरावेत आणि झाकणातल्या ब्रशचे टोक फटीला नुसते टेकवावे. द्रव आपोआप आत ओढला जातो. मात्र फटीवर बोट असेल तर तो बोटाखालीही शिरतो आणि बोटाचा ठसा प्लास्टिकवर कायमचा उमटतो. चिकटपट्टीखालीही हेच होते, म्हणून पट्टी फटीला आडवी आणि थोड्या थोड्या अंतरावर लावावी. जाड सिमेंट एका कडेला लावून भाग दाबावेत. फटीतून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर आली, तर ती पुसू नये. २४ तासांनी ४००, ६०० आणि १००० नंबरच्या वॉटर पेपरने ती घासली की जोड दिसेनासा होतो. दोन तासांत घासायला घेतले, तर त्या वेळी सपाट वाटते. पण आतले द्रावक उडतच असते, प्लास्टिक आकसते आणि रंग दिल्यावर तीच रेघ खोलगट होऊन उमटते. कडांना आधीच रंग लावला असेल तर तो खरवडावा. नाहीतर सिमेंट प्लास्टिकपर्यंत पोचतच नाही.

फेव्हिक्विक वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. पितळी पत्र्याचे नक्षीदार सुटे भाग, रेझिनचे ओतीव भाग यांवर सिमेंट चालत नाही. तिथे तेच हवे. प्लास्टिकच्या जोडाला मात्र ते भाग सरळ करायला सवड देत नाही, आणि जोड इतका ठिसूळ की जरा धक्का लागला की चाकांचे पाय निखळतात. सर्वांत मोठा घोटाळा कॉकपिटच्या काचेचा. फेव्हिक्विकची वाफ काचेवर पांढुरकी साय धरते, आणि मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेत तर हमखास. काचेसाठी साधा पांढरा फेविकॉल एमआर टूथपिकने लावावा. तो पारदर्शक सुकतो आणि ओला असेपर्यंत पाण्याने पुसता येतो.

विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन घालावे लागते. ते अरल्डाइटने बसवावे, दोन्ही ट्यूबमधला माल सारखाच घेऊन. शिशाचे छर्रे फेविकॉलमध्ये कदापि रोवू नयेत. शिसे हळूहळू गंजून फुगते आणि काही वर्षांनी नाक उलते.

सिमेंटची वाफ पेट घेते. दीड खोलीच्या घरात देवापुढचा दिवा, गॅस, डासांची कॉइल सगळे हाताच्या अंतरावर असते. तेव्हा आधी ते विझवावे आणि खिडकी उघडावी. एन-९५ मास्क धूळ अडवतो, ही वाफ नाही. फेव्हिक्विक सुती कपड्यावर किंवा कापसावर सांडले तर ते चटका बसेल इतके तापते, म्हणून पुसायला कापूस घेऊ नये. बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणपाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. नेलपॉलिश रिमूव्हर बोटांना चालेल, पण त्यातल्या ॲसिटोनने किट वितळते.

क्रॉफर्ड मार्केटपासून उपनगरांपर्यंतच्या खेळण्यांच्या दुकानदारांना एकच विनंती आहे. किटच्या शेजारी प्लास्टिक सिमेंट ठेवा आणि ‘लहानांनी मोठ्यांसमोरच वापरावे’ अशी चिठ्ठी मराठीत लावा. सिमेंट नसेल तर तसे सांगा, पण गल्ल्याजवळची ट्यूब हातात देऊ नका.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई