पाळीच्या साधनांचे दान आणि कायद्याची भीती : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

खोका चेपला, वेष्टनाची रचना बदलली किंवा माल मागणीपेक्षा जास्त झाला, की सॅनिटरी पॅडचे साठे विक्रीतून बाजूला काढले जातात. आतले प्रत्येक पॅड पाकिटात बंद आणि वापरण्याजोगे असले, तरी ते निवारागृहाला द्यायला उत्पादक कचरतो. उद्या कोणाला पुरळ उठले वा संसर्ग झाला, तर दाव्यात आपले नाव येईल, ही त्याची भीती असते. विकलेल्या मालाची जोखीम निदान किमतीतून भागते, फुकट दिलेल्या मालाची भागत नाही; तेव्हा हा हिशेब निव्वळ कंजूषपणाचा नाही.

अन्नदानाच्या बाबतीत ही अडचण कायद्याने ओळखली आहे. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याने सद्भावनेने अन्न व किराणा वस्तू देणाऱ्यांना दायित्वातून मुक्त केले. घोर निष्काळजीपणा आणि हेतुपुरस्सर गैरवर्तन मात्र त्यातून वगळले. त्या कायद्याच्या व्याख्येत कागदी व प्लास्टिकच्या वस्तू आहेत, धुण्याची पावडर आहे. पाळीच्या साधनांचा उल्लेख मात्र नाही. ती ‘किरकोळ घरगुती वस्तूं’त बसतात, असा अर्थ लावता येईलही, पण सावध देणगीदार अशा अर्थावर विसंबत नाही. म्हणून देणगीदारांना असेच संरक्षण देणाऱ्या आपल्या कायद्याच्या मसुद्यात पॅड, टॅम्पॉन, मेन्स्ट्रुअल कप आणि धुऊन वापरायची कापडी पॅड यांची नावे स्पष्ट लिहावीत, आणि देणगीदाराबरोबरच वाटप करणाऱ्या संस्थेलाही संरक्षण द्यावे, ही माझी विनंती आहे.

मात्र अन्नाचा कायदा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. आंबलेले अन्न वासाने पुष्कळदा कळते. ओल लागलेले पॅड पाकिटाबाहेरून कळेलच असे नाही, आणि टॅम्पॉन तर शरीराच्या आत वापरायचा असतो. १९८० साली अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉन आणि टॉक्सिक शॉक सिंड्रोम (जिवाणूंच्या विषामुळे होणारा, जिवावर बेतू शकणारा आजार) यांचा संबंध उघड झाला, तेव्हा एक उत्पादन बाजारातून मागे घ्यावे लागले होते. मागे घेतलेला किंवा सदोष असल्याचे ठाऊक असलेला माल दान म्हणून खपवणाऱ्याला या कायद्याचा आडोसा मिळता कामा नये. घेणारी बाई गरीब आहे म्हणून तिची सुरक्षितता स्वस्त होत नाही.

एक बारीकसा पण महत्त्वाचा मुद्दा राहतो. संस्था मोठी पाकिटे फोडून चार-चार नग वाटतात, तेव्हा सूचनापत्रक आणि बॅच क्रमांक खोक्यासोबत कचऱ्यात जातात. टॅम्पॉन आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ही सूचना तिथेच छापलेली असते. संरक्षण हवे असेल, तर आतले वेष्टन अखंड असावे, सूचना वाचता येईल अशा भाषेत सोबत द्यावी आणि बॅचची नोंद संस्थेने ठेवावी, एवढ्या अटी नियमांत घालाव्यात. त्याहून जास्त कागदपत्रे मागितली, तर लहान संस्था दान घेणेच थांबवतील.

आपली विश्वासू,
वाटपाच्या कामातील एक कार्यकर्ती