पहिला मान म्युनिकचा

महोदय,

रविवार पुरवणीतील तारांगणांवरील लेखात शिकागोच्या ॲडलर तारांगणाला (१९३०) जगातील पहिले म्हटले आहे. ते अमेरिकेतील पहिले. जर्मनीच्या झाइस कंपनीचा, घुमटावर तारे उमटवणारा प्रक्षेपक म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ऑक्टोबर १९२३ मध्येच दाखवला गेला आणि मे १९२५ पासून तेथे लोकांसाठी नियमित खेळ सुरू झाले. झाइसचे अभियंते वाल्टर बाउअर्सफेल्ड यांची युक्ती साधीच होती: घुमट स्थिर ठेवायचा, फिरवायचे ते मधले यंत्र.

शिकागोचे श्रेय सांगायचेच, तर १९१३ च्या ॲटवुड गोलाचे सांगावे. पत्र्याच्या गोलाला ताऱ्यांसाठी ६९२ छिद्रे; प्रेक्षक आत बसत आणि विजेच्या मोटरवर अख्खे आकाशच त्यांच्याभोवती फिरे! लेखात त्याचा उल्लेखही नाही.

– एक वाचक, पुणे