दहावीच्या व्याकरणात ‘का’ कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत गेल्या आठवड्यात दहावीसाठी इंग्रजी व्याकरणाचं पान आलं होतं. त्यात कारण आणि परिणाम जोडणाऱ्या शब्दांचा तक्ता होता. एका रकान्यात बिकॉज, सिन्स, ॲज, ड्यू टू, ओइंग टू. दुसऱ्यात सो, देअरफोर, हेन्स, ॲज अ रिझल्ट. खाली सूचना होती : ‘यांपैकी कोणताही योग्य शब्द वापरून वाक्य पुन्हा लिहा.’ त्या ‘कोणताही’ला माझी हरकत आहे.

मी सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या कागदांचं टायपिंग करते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, म्हणून नागपूर खंडपीठात जाणारा कागद इंग्रजीतच तयार होतो. माझ्या हाताखालून सर्वांत जास्त जातात ते विलंबमाफीचे अर्ज. अपिलाची मुदत टळली, की मुदत कायदा १९६३ च्या कलम ५ खाली अर्ज करावा लागतो आणि उशिराला पुरेसं कारण होतं हे न्यायालयाला पटवावं लागतं. बाकी सजावट कितीही करा, अर्जाचा जीव त्या एका कारणात असतो.

काटोल-उमरेडकडचा पक्षकार आला, की वकीलसाहेब पहिल्यांदा तेच विचारतात, ‘काऊन उशीर झाला बाप्पा?’ आणि तो माणूस सांगतो, ‘पाय मोडला होता न साहेब, पलस्तर होतं, नागपूरले येनं जमलं नाही. मंग निकालाची नक्कल हाती आली तं तारीख निघून गेल्ती.’ आधी काय झालं, त्याने काय अडलं, पुढे काय चुकलं, सगळं रांगेत. शाळा फारशी न शिकलेल्या माणसाचा कार्यकारणभाव इतका पक्का असतो. मग नवा ज्युनिअर त्याचं इंग्रजी करून आणतो : ‘ड्यू टू फ्रॅक्चर, डिले वॉज कॉज्ड.’ पाय कोणाचा, कधीपासून कधीपर्यंत, त्यामुळे नक्की काय करता आलं नाही, सगळं गायब. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कातिजी प्रकरणात, रोजच्या रोज उशिराचा काटेकोर हिशेब मागत बसू नका, असं सांगून ठेवलं आहे. पण उदार मनाच्या न्यायाधीशालाही काही तरी सांगावं तर लागेल!

दोष ज्युनिअरचा नाही, त्या तक्त्याचा आहे. ड्यू टू आणि बिकॉज एका रकान्यात बसवले, की पोरांना वाटतं हे एकमेकांच्या बदली चालतात. मग ‘ड्यू टू ही वॉज इल’ असं लिहिलं जातं, नाही तर ‘बिकॉज हेवी रेन’. ड्यू टूच्या पुढे नाम लागतं. बिकॉजच्या पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं अख्खं वाक्य लागतं. मराठी मुलाला हे कळायला अवघड नाही. जिथे आपण नामाला ‘मुळे’ लावतो (तापामुळे, पावसामुळे) तिथे ड्यू टू किंवा बिकॉज ऑफ. जिथे क्रियापद बोलून मग ‘म्हणून’ म्हणतो (ताप आला म्हणून) तिथे बिकॉज किंवा सो. वर्गात हे एवढं दोन ओळींत सांगता येतं.

दुसरी खोड आपल्या जोड्यांची. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, आणि आमच्या कचेरीतलं ‘ज्याअर्थी-त्याअर्थी’. मराठी कानाला जोडी पूर्ण झाल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, सो वी डिड नॉट कम’ असं वाक्य दहावीच्या वहीत जितकं दिसतं तितकंच पदवीधरांच्या मसुद्यातही. इंग्रजीला दोघांपैकी एक पुरतो. देअरफोरची गोष्ट आणखी निराळी : तो सोसारखा दोन वाक्यांना नुसत्या स्वल्पविरामावर जोडू शकत नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. तक्त्यात या नियमाचा उल्लेखही नाही.

माझा भाचा यंदा दहावीला आहे, नंदनवनात क्लासला जातो. ‘टू (‘फार’ या अर्थाचा) काढून सो-दॅट वापरा’ हा प्रकार त्याला डोळे मिटून येतो, आणि अडचण तीच आहे. ‘ही वॉज टू इल टू ट्रॅव्हल’ याचं त्याने ‘ही वॉज सो इल दॅट ही कुड ट्रॅव्हल’ केलं. टूच्या पोटात दडलेला नकार बाहेर आणायचा राहिला आणि अंथरुणाला खिळलेला माणूस प्रवासाला निघाला. वाक्यातल्या माणसाचं काय झालं, असं विचारल्यावर त्याने चूक लगेच पकडली. म्हणजे त्याला समजत होतं, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

आता थोडं कडू बोलते. ड्यू टू इतका लाडका का, तर त्यात कर्ता लागत नाही. ‘ड्यू टू टेक्निकल रीझन्स’, ‘ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस’ : नोटीस लागली, जबाबदार कोणी नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि काठच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरलं, हे आजच्या दहावीतल्या पोरांनी पाहिलं आहे. ‘ड्यू टू हेवी रेन, वॉटर एन्टर्ड द हाउसेस’ हे वाक्य व्याकरणाला शुद्ध आहे, पूर्ण गुण मिळतील. पण तेच बिकॉज वापरून लिहायला लावा. तलाव ओसंडला म्हणून. का ओसंडला? पाण्याला पुढे जायला वाट कुठे होती? ती कोणी अरुंद केली? प्रत्येक बिकॉजला कर्ता द्यावा लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यात पाऊस मागे पडून माणसं येतात. तो प्रश्न पुढे खंडपीठापर्यंत गेला, तो काही ड्यू टूच्या बळावर नाही.

माझी मागणी मोठी नाही. पुरवणीत अशी वाक्यं द्या ज्यांत जोडशब्द नाहीच, आणि मुलांनाच ठरवू द्या कारण कोणतं. ‘विदर्भात जूनमध्येही ऊन तापतं. इथल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात.’ हे सोपं झालं. मग असंही एक द्या : ‘साहेबांची बदली झाली. फाइल हरवली.’ इथे मुलं डोळे झाकून सो लिहितील, आणि नंतर झालं म्हणजे त्याच्यामुळे झालं का, हे बोलायला शिक्षकांना जागा मिळेल. (आमच्याकडे या एका गफलतीवर तासन्‌तास युक्तिवाद होतात.)

जाता जाता, त्याच पानावर ‘सिन्स ही लेफ्ट नागपूर, ही हॅज बीन अनहॅपी’ हे वाक्य कारणाचं उदाहरण म्हणून छापलं आहे. तो नागपूर सोडल्यापासून दुःखी आहे की नागपूर सोडलं म्हणून दुःखी आहे, हे त्यावरून कळत नाही. पुढच्या अंकात दुसरं उदाहरण द्यावं, नाही तर दोन्ही अर्थ छापावेत.

आपली नियमित वाचक,
एक टंकलेखिका, सदर, नागपूर